वस्तादांना विचारा : बारा मिनिटांच्या स्टेअरिंगवर हेवी कशी यायची?

प्रश्न : वस्ताद, नमस्कार. मी फलटण तालुक्यातला, वय बावीस. कारचं लायसन्स काढून दोन वर्षं झाली. आता ट्रान्सपोर्टमध्ये उतरायचं म्हणून हेवीच्या शाळेत नाव घातलं. फी एकरकमी भरली. शाळेकडे एकच जुना सहाचाकी आहे आणि आमच्या तासाभराच्या बॅचला पाच जण. पाळी येते तोवर गाडी परत फाट्याला लागलेली असते. रोज तोच सरळ रस्ता, तिसरा-चौथा गिअर, बस्स. रिव्हर्स एकदाही दिला नाही. सर त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवूनच बसतात, त्यामुळे गाडी मी थांबवली की त्यांनी, तेही कळत नाही. ट्रक कायम रिकामा. पुढच्या महिन्यात टेस्ट आहे. चुलत्यांचा दहाचाकी आहे, त्यावर हात साफ करू का? घरात सांगायलाही लाज वाटते की पैसे भरून काही येत नाही.

उत्तर : पहिल्यांदा ती लाज काढून टाक. तुझ्या हातात काही दोष नाही, वेळ कमी पडतोय. हिशेब मांडून बघ. एक तास, पाच जण, म्हणजे वाट्याला बारा मिनिटं. महिनाभर एकही खाडा झाला नाही, गाडी एकदाही बंद पडली नाही, तरी हे जेमतेम सहा तास होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३१ सांगतो की ट्रान्सपोर्ट गाडी शिकवायची तर प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तासांचं. प्रत्यक्ष म्हणजे स्टेअरिंग तुझ्या हातात. मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचं बघितलेलं त्यात धरायचं नाही.

हे तास कागदावर राहतात, हे पोरांना कुणी सांगत नाही. शाळेला नमुना १५ चं रजिस्टर ठेवावं लागतं. कुठल्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठल्या प्रकारची गाडी चालवली, आणि शेजारी शिकवणाऱ्याची व शिकणाऱ्याची सही. उद्या जाशील तेव्हा शांतपणे म्हण, "सर, माझं नमुना १५ चं पान बघू द्या." न चालवलेल्या तासांवर सही करू नकोस. केली असशील तर आजपासून थांबव. आणि स्वतःच्या खिशात एक छोटी डायरी ठेव. बसल्याची वेळ, उतरल्याची वेळ, काय केलं, एवढंच लिही. आठवड्याने ती डायरी मालकासमोर ठेवून बोल. भांडायला जाऊ नकोस. मी एसटीची नोकरी सोडल्यावर बरीच वर्षं शाळेत शिकवलं आहे, मालकांची अडचणही मला माहीत आहे. डिझेल महाग, गाडी एक, पोरं जास्त. पण पंधरा तासांचं चालवणं हा तुझा हक्क आहे आणि त्याचे पैसे तू भरलेत. सरळ मागणी ठेव : बॅचमधले दोन जण दुसऱ्या वेळेला वळवा, किंवा माझा कोर्स पंधरा दिवस पुढे न्या. शाळेचं लायसन्स आरटीओ देतं, त्यामुळे लेखी तक्रारीला वजन असतं. पण तिथवर जायची वेळ बहुतेकदा येत नाही. हिशेब मांडणाऱ्या पोराला मालक टाळत नाहीत.

आता मिळालेली मिनिटं कशी वापरायची ते सांगतो. बॅचच्या अर्धा तास आधी जा. त्या वेळी गाडी उभी असते आणि तिच्यावर कुणाचा हक्क नसतो. टायर बघ, नट बघ, ऑइल-पाणी बघ, हवेच्या टाकीचा ड्रेन उघडून साचलेलं पाणी काढ. मग परवानगी घेऊन केबिनमध्ये बस आणि हवेचा काटा कसा चढतो ते बघ. हवा कमी असताना बझर वाजतो, पुरेशी भरली की थांबतो. हवा भरल्याशिवाय पार्किंग ब्रेक सुटत नाही, कारण हवा नसली की मागची चाकं स्प्रिंगच्या जोरावर धरलेली राहतात. कारवाल्याला हे नवीन असतं. इंजिन बंद असताना क्लच दाबून गिअरची जागा हाताला पाठ कर, खाली न बघता. असं केलंस की चालत्या गाडीतली तुझी बारा मिनिटं गिअर शोधण्यात जाणार नाहीत.

सरांना एक विनंती कर : "आज ब्रेक मी दाबतो, तुम्ही धोका दिसला तरच दाबा." दुहेरी ब्रेक असतो तो त्यासाठीच. पाय कायम त्यावर राहिला तर तुझ्या पायाला ब्रेकचा अंदाज येणार नाही. हवेच्या ब्रेकला कारसारखी सवय चालत नाही. पाय टाकल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग एकदम धरतो. हा क्षणभर किती, ते तुझ्या पायालाच कळायला हवं.

रिव्हर्सबद्दल तर मी तळमळीने सांगतो. रिव्हर्स न देता कोर्स पुरा करणारी शाळा पोराला अर्धवट सोडते. टेस्टला रिव्हर्स असतोच, पण टेस्टचं सोड. पुढे जन्मभर मार्केट यार्डात, गोडाऊनच्या गल्लीत, पेट्रोल पंपावर तुला मागेच यायचं आहे. त्याला रस्ता लागत नाही, मोकळी जागा लागते. तुमच्या भागात साखर कारखाने आहेत. हंगाम संपला की उसाच्या गाड्यांचं यार्ड रिकामं पडतं. शाळेच्या मालकाने कारखान्याला पत्र दिलं तर सकाळचे दोन तास मिळू शकतात. चार पिंपं उभी करा आणि पाचही जण आळीपाळीने उतरा. एक चालवणार, एक आरशाच्या रेषेत उभा राहून "येऊ दे, येऊ दे, बास" करणार, बाकीचे बघणार. किन्नरचं, म्हणजे क्लीनरचं, ते कामही शिकायचं असतं, कारण त्याने चालवणाऱ्याला दिसेल असंच उभं राहावं लागतं. आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबवायची. तो परत दिसेपर्यंत एक इंचही हलायचं नाही.

सुरुवात सरळ मागे येण्याने कर. दोन्ही आरशांत हौद्याची कड आणि बाजूची पिंपं यांच्यात सारखीच जागा दिसली पाहिजे. एका आरशात ती जागा जास्त दिसायला लागली तर स्टेअरिंग त्याच बाजूला थोडंसं, अगदी बोटभर, वळव आणि लगेच सोड. नवखा माणूस जास्त फिरवतो, मग उलट जास्त फिरवतो आणि गाडी सापासारखी नागमोडी जाते. ते जमलं की वळून मागे ये. तेव्हा लक्षात येईल की शेपूट आत शिरतं आणि तोंड उलट बाजूला बाहेर जातं. तोंडाजवळ कोण उभं आहे, हे कुणी बघत नाही. शंका आली तर हँडब्रेक लाव, उतर, मागे जाऊन डोळ्याने बघ, परत चढ. यात कमीपणा नाही. जुने ड्रायव्हर आजही उतरतात.

पुढे जातानाही डावं वळण वेगळं शिकून घे. कारमध्ये तू पुढच्या चाकांच्या मागे बसतोस, ट्रकमध्ये त्यांच्या वर, किंवा थोडा पुढेच. म्हणून वळायला उशीर करायचा. चौकात तोंड चांगलं पुढे जाऊ दे, मग वळव आणि नजर डाव्या आरशात ठेव. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून येत नाहीत, आत कापतात. तिथेच मोटारसायकलवाला घुसलेला असतो, आणि केबिनच्या डाव्या कोपऱ्याखाली तर तो दिसतही नाही. म्हणून सिग्नलला उभं राहतानाच डाव्या बाजूला किती जागा उरली ते बघायचं.

चुलत्यांच्या दहाचाकीबद्दल. लर्निंग लायसन्सवर नियम ३ प्रमाणे शेजारी त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असलेला माणूस हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला, आणि गाडीला पुढे-मागे एल. शेजारी चुलते स्वतः असतील तर चालेल. पण एक गोष्ट विम्याच्या कागदात बघून घ्या. मालगाडीच्या पॉलिसीत साधारणपणे लिहिलेलं असतं की लर्निंगवाला तेव्हाच चालवू शकतो, जेव्हा गाडीत माल वाहिला जात नाही. म्हणजे भरलेल्या गाडीवर तू बसलास आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल आणि चुलत्यांचं घर त्यात जाईल. तेव्हा रिकामी गाडी, दिवसा, गर्दीच्या बाहेर, आणि कागद बघून. शाळेतला ट्रक रिकामा असतो त्यामागेही हेच कारण समज.

मग भरलेल्या गाडीची सवय कुठे करायची? इथे तुला एक वाट आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारगाडीच्या, लायसन्सवर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल. तुझ्याकडे हे लायसन्स आहेच. गावातून भाजी घेऊन मार्केट यार्डाला जाणाऱ्या पिकअपवाल्याकडे विचार. पहिले काही दिवस शेजारी बस, मग रिकामं परत येताना चालव, मग भरलेली. टोमॅटोचे क्रेट भरल्यावर तीच गाडी किती उशिरा थांबते, वळणावर कशी कलते, हे तुला तिथे कळेल. ज्वालाग्राही, विषारी मालाला मात्र हात लावू नकोस, त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं.

आणि हेवीचं लायसन्स हातात पडल्यावर, ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते ते : मालक म्हणेल, "आज रात्री भरून निघ." एकटा निघू नकोस. काही महिने सेकंड ड्रायव्हर म्हणून अनुभवी माणसाबरोबर जा, पगार कमी मिळाला तरी. घाट त्याच्या शेजारी बसूनच शिकायचा असतो. खंबाटकी उतरो की बोर घाट, ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, आणि गिअर उताराच्या आधी टाकायचा. उतारावर वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही. मग गाडी न्यूट्रलला राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात, घाबरून पाय वरखाली केला की हवाही उतरते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर वर्षानुवर्षं माणसं मेली आहेत, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या गाड्या हे त्यातलं एक कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. थोडं डिझेल वाचवायला कुणाचा जीव जाता कामा नये. कुणी वस्ताद तुला न्यूट्रल शिकवायला लागला तर दुसरा वस्ताद शोध.

पैशाची सोय होत असेल तर आणखी एक पर्याय. २०२१ पासून केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची वेगळी व्यवस्था केली आहे. तिथे हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा, थिअरी धरून. जागा दोन एकर, ट्रॅक आणि सिम्युलेटर लागतो, आणि तिथे पास झालं की आरटीओची वेगळी टेस्ट द्यावी लागत नाही. पुण्यात भोसरीला सीआयआरटीच्या (केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेच्या) आवारातही चालक प्रशिक्षणाची संस्था आहे. फी भरण्याआधी कुठेही जा, पण तीन प्रश्न विचार : एका गाडीवर किती जण? रिव्हर्सला जागा कुठे? माझे चालवण्याचे तास कुठे लिहिता? आणि एक बॅच उभं राहून बघ.

टेस्ट पुढे ढकलावी लागली तर ढकल. लर्निंग सहा महिने चालतं.

प्रश्न : वस्ताद, मी संगमनेर तालुक्यातली. आमच्या घरचा सहाचाकी ट्रक आहे, मिस्टर चालवतात. मलाही शिकायचं आहे, कारचं लायसन्स आहे. शाळेत म्हणाले, बायकांना हेवी झेपत नाही, कारचाच रिफ्रेशर करा. खरंच झेपत नाही का?

उत्तर : ताई, झेपतं. कायद्यात बाई-बुवा असा भेद नाही. वय २० पूर्ण आणि एलएमव्ही लायसन्सला एक वर्ष, एवढं हवं. २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवडहून नीरेला प्रवाशांनी भरलेली एसटी नेली, तेव्हाच या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आजच्या ट्रकला पॉवर स्टेअरिंग असतं, दंडाच्या ताकदीचा प्रश्न उरलेला नाही. अडतं ते बहुतेकदा सीटपाशी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून दाबत असाल तर अर्ध्या तासात पोटरी भरून येते आणि माणसाला वाटतं, मला झेपत नाही. सीट पुढे घ्या, पाठीला उशी लावा, दोन्ही आरसे स्वतःच्या उंचीला लावून घ्या. आधीच्या उंच माणसाच्या आरशावर गाडी चालवू नका.

मिस्टरांच्या शेजारी बसून रिकाम्या ट्रकवर सराव जरूर करा, वर सांगितलेली विम्याची अट पाळून. पण शाळा सोडू नका. नमुना ५ चं प्रमाणपत्र शाळाच देते आणि त्याशिवाय हेवीचं लायसन्स होत नाही. ही शाळा घेत नसेल तर दुसरीत जा, आणि शक्य असेल तर आणखी एखादीला सोबत घ्या. दोघींची बॅच असली तर गाडी जास्त वेळ हातात मिळते.