रंगमंचामागचे दार, रंगमंचावरचे गाव

मागील अंकात युरोपातील उन्हाळी नाट्यमहोत्सवांविषयी जे टिपण आले होते, त्यात फ्रान्समधील ब्युसाँ या गावाचा उल्लेख आम्ही एका वाक्यात उरकला होता : ‘तेथील लाकडी नाट्यगृहाच्या रंगमंचाची मागची बाजू प्रयोगात उघडते आणि समोर जंगल दिसते.’ सर्वाधिक पत्रे नेमकी त्या वाक्यावर आली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच नाट्यगृहाला दिले आहे.

प्रश्न : एवढ्या आडगावात नाट्यगृह बांधण्याची कल्पना कोणाला आणि का सुचली? (एक वाचक, स्ट्रासबुर्ग)

ब्युसाँ हे फ्रान्सच्या पूर्वेस, व्होज पर्वतरांगेत, मोझेल नदीच्या उगमाजवळ वसलेले गाव असून त्याची आजची वस्ती दीड हजारांच्या आसपास आहे. आज ते आडवळणाचे वाटत असले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे कारखाने होते, औषधी पाण्याच्या झऱ्यांमुळे येणारे पाहुणे होते, आणि गावावरच्या खिंडीतच जर्मनीची हद्द सुरू होत होती, कारण १८७१ च्या पराभवानंतर अल्सास प्रांत फ्रान्सच्या हातून गेला होता.

अशा गावात १८६७ साली मोरिस पोतशेर यांचा जन्म झाला. वडील कारखानदार आणि गावचे नगराध्यक्ष. मुलगा मात्र साहित्याच्या ओढीने पॅरिसला गेला, तेथील वाङ्मयीन वर्तुळात वावरला, आणि रिकामा वेळ व भरला खिसा असलेल्या प्रेक्षकांसाठीच चाललेल्या तिथल्या नाटकांना विटला. १८९२ साली फ्रेंच प्रजासत्ताकाच्या शताब्दीनिमित्त त्यांनी गावातल्या लोकांना घेऊन फ्रेंच नाटककार मोलियरचा एक फार्स सादर केला. हरी नारायण आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ म्हणून मराठीत आणला तोच हा फार्स. तेव्हा मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही. प्रयोग गावाला आवडला, आणि तीन वर्षांनी, १८९५ मध्ये, डोंगराच्या पायथ्याच्या कुरणावर उघडा रंगमंच उभारून पोतशेर यांनी ‘तेआत्र द्यु पप्ल’, म्हणजे लोकांचे नाट्यगृह, सुरू केले. पत्नी कामीय याही पॅरिसच्या प्रतीकवादी रंगभूमीवर गाजलेल्या अभिनेत्री होत्या. गावकऱ्यांना उभे कसे राहावे आणि शब्द कसा टाकावा, हे शिकविण्याचे काम पुष्कळसे त्यांच्याकडे आले.

पोतशेर १९६० पर्यंत, म्हणजे वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंत, जगले. दोन महायुद्धांच्या काळात प्रयोग खंडित झाले, पण प्रत्येक वेळी पुन्हा सुरू झाले. त्यांच्यानंतरची धुरा प्येर रिशार-विल्म यांनी वाहिली. १९३० च्या दशकात फ्रेंच चित्रपटांचा नायक म्हणून ज्यांची छायाचित्रे मासिकांवर झळकत, ते हे गृहस्थ उन्हाळा आला की ब्युसाँला येऊन भूमिका करीत, वेशभूषा आखीत आणि नेपथ्य रंगवीत. फ्रान्समधला सर्वांत प्रसिद्ध नाट्यमहोत्सव आव्हिन्याँचा, पण तो १९४७ साली सुरू झाला. ब्युसाँ त्याच्याहून पन्नासहून अधिक वर्षांनी जुने आहे.

प्रश्न : या नाट्यगृहातील पहिले नाटक दारूबंदीचे होते, असे कळले. मग ही लोकांची रंगभूमी, की लोकांना शहाणपण शिकविणाऱ्यांची? (एक वाचक, नाशिक)

प्रश्न बोचरा आहे आणि योग्यही आहे. १८९५ च्या त्या नाटकाचे शीर्षक ‘दारू विकणारा सैतान’ अशा अर्थाचे होते आणि त्याचा विषय व्यसनाने होणारी धूळधाण हाच होता. कारखानदाराच्या मुलाने कामगारांच्या वस्तीत दारूच्या दुष्परिणामांवर नाटक लिहावे, यात वरून खाली उपदेश करण्याचा वास येतो, तो झाकण्याचे कारण नाही. जवळपास त्याच काळात आपल्याकडे सत्यशोधकी जलसे उभे राहत होते. तेही लोकशिक्षणासाठीच होते, पण त्यांतील बोलणारा आणि ऐकणारा एकाच थरातले होते आणि टीकेचा रोख वरच्यांवर होता. ब्युसाँमध्ये तसे नव्हते. समाजातील सर्व थरांनी एका बाकावर बसून एकच नाटक पाहावे, अशी पोतशेर यांची धारणा होती. एका वर्गाने दुसऱ्याविरुद्ध उठावे, हे त्यांना रंगभूमीचे काम वाटत नव्हते. मंचाच्या चौकटीवर एका बाजूला ‘कलेच्या द्वारे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मानवतेसाठी’ अशा अर्थाचे शब्द आजही आहेत, त्यांत हीच भूमिका उतरली आहे.

महात्मा गांधी आणि रामकृष्ण परमहंस यांच्या चरित्रांमुळे आपल्याकडे परिचित असलेले फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी १९०३ साली लोकरंगभूमीवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात पोतशेर यांच्या प्रयत्नाची आदराने दखल घेतली. रोलाँ यांची स्वतःची कल्पना मात्र अधिक लढाऊ होती. आमचे मत विचाराल तर, पोतशेर यांची बोधपर नाटके आज फारशी कोणी आवर्जून करीत नाही. टिकली ती त्यांनी लावलेली रीत, आणि तिच्याविषयी पुढील एका उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : रंगमंचाची मागची भिंत उघडते म्हणजे नेमके काय होते? ही केवळ चमत्कृती नव्हे काय? (वास्तुकलेची एक विद्यार्थिनी, पुणे)

क्रम लक्षात घेतला म्हणजे ही गोष्ट उलगडते. आधी नाट्यगृह बांधून मग त्याला मागे दार पाडले, असे झालेले नाही. सुरुवातीस सर्वच उघड्यावर होते : कुरण, फळ्यांचा मंच आणि त्यामागे डोंगराचा चढ, हेच नेपथ्य. व्होजमध्ये उन्हाळ्यातही पाऊस केव्हा गाठील याचा नेम नसतो, म्हणून पुढे प्रेक्षकांवर आणि मंचावर टप्प्याटप्प्याने लाकडी छप्पर आले, बाजू बंद झाल्या, आणि आज दिसते ती सुमारे आठशे प्रेक्षकांची, मोठ्या धान्यकोठारासारखी लाकडी वास्तू तयार झाली. हे सर्व करताना मूळचे नेपथ्य गमवायचे नाही, एवढा एकच आग्रह धरला गेला. त्यामुळे आपण ज्याला दार म्हणतो, ती खरे पाहता बंद न केलेली चौथी बाजू आहे. १९७६ साली फ्रेंच शासनाने या वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

प्रयोगात घडते ते असे. मुख्य नाटक दुपारी असते. प्रेक्षागृहात अंधार असतो, लाकडाचा वास असतो, दीड-दोन तास डोळे मंचावरच्या कृत्रिम प्रकाशाला सरावलेले असतात. आणि मग मागचे प्रचंड दरवाजे उघडू लागतात, तेव्हा प्रथम प्रकाशाची एक उभी पट्टी दिसते, ती रुंदावत जाते, आणि तिच्यात गवताचा चढ आणि वरची झाडे उभी राहतात. थंड हवा पहिल्या रांगांपर्यंत येते. नट त्याच चढावरून चालत येतो किंवा तिकडे निघून जातो, आणि त्याला दिसेनासे व्हायला खराच वेळ लागतो, कारण तेथे विंग नाही. पुष्कळदा प्रेक्षक या क्षणी टाळ्या वाजवितात.

याच टाळ्या दिग्दर्शकाची पंचाईत करतात. दार उघडणार हे सर्वांना ठाऊक असते. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच. लवकर उघडावे तर पुढचा भाग फिका पडतो, आणि अखेरीस उघडावे तर शेवट आयता मिळाल्यासारखा होतो. रात्रीच्या प्रयोगात तर मागे नुसता काळोख असतो, म्हणून झाडीवरच दिवे टाकावे लागतात. तेव्हा चमत्कृतीचा धोका आहेच. पण नाटकाच्या आत त्या उघडण्याला कारण असेल, म्हणजे एखादे पात्र खरोखर घर सोडत असेल, हद्दपार होत असेल किंवा कैदेतून सुटत असेल, तर तोच चढ अर्थपूर्ण होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात येथे शेक्सपिअरचे ‘द विंटर्स टेल’ हे नाटक झाले. राजवाड्यातील संशयाच्या कोंडीतून सोळा वर्षांनी मेंढपाळांच्या माळावर जाणारे ते कथानक या मंचासाठी का निवडले असेल, हे वेगळे सांगायला नको. ते जुली देलील यांनी बसविले होते. त्यांनी २०२३ मध्ये सूत्रे हाती घेतली आणि या नाट्यगृहाच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री आहेत.

प्रश्न : आमच्याकडे देवळाच्या जत्रेला गावातलेच लोक नाटक करतात. मग ब्युसाँचे एवढे कौतुक कशासाठी? (एक नाट्यकर्मी, फोंडा)

गावकऱ्यांनी नाटक करणे यात नवल नाही, हे आपले म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे. गोव्याच्या उत्सवी रंगभूमीने देवळाच्या प्रांगणातील मंचावर पिढ्यान्‌पिढ्या संगीत नाटके उभी केली. बँकेतला कारकून ‘संगीत मानापमान’चा नायक धैर्यधर होतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो, हे तेथे कोणाला सांगावे लागत नाही. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत तर दिवाळीनंतरचा सबंध हंगामच नाटकांचा असतो आणि रात्रभर प्रयोग चालतो.

वेगळेपण आहे ते मिश्रणात. ब्युसाँच्या मुख्य उन्हाळी नाटकात व्यावसायिक नट आणि हौशी नट एकाच संहितेत, एकाच तालमीत उभे राहतात, आणि हौशी मंडळी केवळ गर्दीपुरती घेतलेली नसतात. पोतशेर यांच्या वेळी कारखान्यातील कामगार, घरची मंडळी आणि गावातील प्रतिष्ठित एकत्र असत. आज आसपासच्या प्रदेशातून निवड होते आणि निवडलेल्या माणसाला सबंध उन्हाळा त्यासाठी द्यावा लागतो. दिग्दर्शक बहुधा पॅरिसच्या किंवा अन्य शहरांच्या व्यावसायिक रंगभूमीवरून काही वर्षांसाठी येतो आणि हौशी नटांना घेण्याची ही अट त्याला पाळावी लागते. शहरी दिग्दर्शकाला हे सोयीचे असतेच असे नाही. शिकलेला नट अर्ध्या तासात पकडतो ती जागा हौशी नटाला आठवडाभर सापडत नाही, आणि सापडते तेव्हा ती अशी काही निघते की शिकलेल्याने तोंडात बोट घालावे.

आपल्या जत्रेत व्यावसायिक माणूस येतो, पण तो बहुधा गावाला नसलेले पुरविण्यासाठी : ऑर्गनवाला, तबलजी, रंगभूषाकार, काही ठिकाणी नायिका. झाडीपट्टीत आता उलट झाले आहे. वडसा येथील कंपन्या नाटक घेऊन येतात आणि गावचे मंडळ तिकीट, मंडप आणि पाहुणचार सांभाळते. या दोन्ही व्यवस्था सशक्त आहेत आणि त्यांना ब्युसाँचा दाखला देऊन कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मात्र गावातला नट आणि कसलेला दिग्दर्शक यांनी दोन-अडीच महिने एकत्र खपावे, अशी कायमची सोय आपल्याकडे फारशी आढळत नाही. शिबिरे होतात, ती आठवड्याभरात संपतात. ब्युसाँकडून काही घ्यायचेच असेल, तर दाराआधी हे घ्यावे.

आपण पत्राच्या शेवटी, देवळामागच्या कुळागराकडे, म्हणजे माड-पोफळींच्या बागेकडे, उघडणारा मंच बांधता येईल काय, असेही विचारले आहे. बांधता येईल, पण दिशा पाहूनच ठरवावे. मागची बाजू पश्चिमेला उघडली, तर दुपारी चारनंतरचे ऊन सरळ प्रेक्षकांच्या डोळ्यांत येईल आणि नट काळ्या आकृती होऊन बसतील. उत्तरेकडचा उजेड दिवसभर सौम्य राहतो. आणि जत्रेची नाटके रात्रीच होणार असतील, तर माडा-पोफळींवर टाकायच्या दिव्यांचा आणि त्यांवर झेपावणाऱ्या किड्यांचा विचार आधी करावा.

प्रश्न : आम्ही स्वित्झर्लंडमधील बाझल येथे राहतो. फ्रेंच जेमतेम येते आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. जाण्यात अर्थ आहे काय? (एक कुटुंब)

अर्थ निश्चित आहे, पण कोणते नाटक आहे ते पाहून ठरवा. महोत्सव साधारणपणे जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टअखेरपर्यंत चालतो. मुख्य नाटक अभिजात असेल, म्हणजे शेक्सपिअर किंवा मोलियर यांच्यापैकी कोणाचे, तर घरी कथानक सर्वांनी आधी वाचून घ्यावे. मग भाषेची अडचण बरीच कमी होते. नव्या, संवादप्रधान नाटकाला मात्र मुलीला नेऊ नये, ती कंटाळेल आणि आपल्यालाही पाहू देणार नाही.

आपल्याकडे मोटार असेल तर अल्सासमधून तान गावावरून ब्युसाँची खिंड ओलांडून जावे. पूर्वी गावापर्यंत येणारी रेल्वे आता बंद झालेली असून, फ्रान्सच्या बाजूने येणाऱ्यांना रमिरमाँ स्थानकावर उतरून बसने पुढे यावे लागते. मुक्काम करायचा असल्यास खोली तिकिटाबरोबरच राखून ठेवा, कारण एवढ्याशा गावात ऐन वेळी जागा मिळणे कठीण जाते. बाके लाकडी आणि टणक आहेत, तेव्हा बसायला उशी लागतेच. ऑगस्ट असला तरी प्रत्येकासाठी एक स्वेटर घ्या, आणि तो गाडीत न ठेवता जवळ ठेवा. मध्यंतरात मंडळी बाहेरच्या बागेत खातात-पितात; याच बागेत मोरिस आणि कामीय पोतशेर यांना दफन केलेले आहे, तेव्हा मुलीने विचारले तर सांगण्यापुरती माहिती वर दिलेली आहे.