गाडीच्या दारावरचा आकड्यांचा कीपॅड: वापरावा की नाही?

आपण विचारले आहे की, मिशिगनला नव्याने आल्यावर जी वापरलेली फोर्ड एक्सप्लोरर आपण घेत आहात तिच्या चालकाच्या दाराजवळ आकड्यांची पाच बटणे आहेत (१-२, ३-४, ५-६, ७-८ आणि ९-०). ती वापरावीत का, आणि त्यांत धोका किती आहे. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो आणि आमच्या घरी असा कीपॅड असलेली गाडी बरीच वर्षे आहे. माझे मत स्पष्ट आहे: कीपॅड जरूर वापरावा, पण त्याला गाडीत शिरण्याची सोय मानावे, गाडीचे संरक्षण मानू नये.

फोर्डने ही सोय १९८० च्या मॉडेलांपासून थंडरबर्ड आणि लिंकनसारख्या गाड्यांत दिली. पुढे घरोघरी रिमोट चाव्या आल्या, तरीही कीपॅड टिकला, कारण रिमोट जवळ बाळगावा लागतो आणि आकडा नुसता लक्षात ठेवला की पुरते. उन्हाळ्यात लेक मिशिगनवर पोहायला गेल्यावर याची किंमत कळते. फॉब, म्हणजे ती रिमोट चावी, पाण्यात नेता येत नाही आणि वाळूत ठेवून जाणे जिवावर येते. आई भारतातून राहायला येते तेव्हा तिला फॉबची बटणे समजावून सांगत बसावे लागत नाही; पाच आकडे सांगितले की ती गाडीत राहिलेला स्वेटर स्वतः काढून आणते. शिवाय कोड टाकल्यावर आधी फक्त चालकाचे दार उघडते, मग पाच सेकंदांत ३-४ चे बटण दाबले तर बाकीची दारे, आणि ५-६ चे दाबले तर डिकी. रात्री एकट्याने पार्किंगमध्ये जाणाऱ्याला बाकीची दारे बंदच राहतात याचा मोठा आधार वाटतो. ७-८ आणि ९-० ही बटणे एकदम दाबली की सगळी दारे बंद होतात.

आता धोक्याकडे वळतो. कोड पाच आकडी आहे म्हणून एक लाख शक्यता असतील असे अनेकांना वाटते, पण प्रत्येक बटणावर दोन आकडे असल्याने १ दाबा किंवा २ दाबा, गाडीला त्यात काहीच फरक कळत नाही. पाच बटणे आणि पाच वेळा दाबणे, म्हणजे एकूण शक्यता ३१२५ एवढ्याच. त्यातही कीपॅड फक्त शेवटची पाच दाबणी पाहत असेल, तर बटणांचा क्रम असा रचता येतो की सगळे कोड ३१२९ दाबण्यांत येऊन जातात. हे ओळखूनच अनेक मॉडेलांत सलग ३५ चुकीच्या दाबण्यांनंतर कीपॅड एक मिनिट बंद पडतो. त्यामुळे सगळे कोड दाबून पाहणाऱ्या चोराला नुसते थांबण्यातच सुमारे दीड तास घालवावा लागेल, आणि दीड तास परक्या गाडीपाशी उभा राहील असा चोर मला तरी संभवत नाही. त्याला काच फोडणे सोपे.

मात्र जुन्या गाडीत हे गणित पार बदलते. वर्षानुवर्षे एकच कोड वापरला की त्यातली बटणे झिजतात, त्यांवरचे आकडे पुसट होतात. तीनच बटणे झिजलेली दिसत असतील तर शक्यता २४३ वर येतात, आणि त्याच युक्तीने २४७ दाबण्यांत, म्हणजे सात-आठ मिनिटांच्या थांबण्यात, काम होऊ शकते. आपण घेत असलेल्या गाडीची बटणे उजेडात तिरक्या कोनातून नीट पाहा. झीज दिसली तर नवा कोड निवडताना न झिजलेली बटणेही त्यात येऊ द्या.

वापरलेल्या गाडीबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कारखान्यातून येणारा मूळ कोड मालकाला पुसता येत नाही. आपण स्वतःचा कोड त्याच्या जोडीला घालू शकता, आधीच्या मालकाने घातलेले कोड काढून टाकू शकता, पण मूळ कोड चालूच राहतो, आणि तो आधीच्या मालकाला, कदाचित त्याच्या मुलांना व मित्रांनाही, ठाऊक असू शकतो. मूळ कोडचे छोटे कार्ड गाडीच्या कागदपत्रांत असते. विक्रेत्याकडून ते मागून घ्या, आणि नसेल तर डीलरकडून कोड काढून घ्या, कारण त्याच्याशिवाय आपला कोड घालता येत नाही.

नुसत्या कोडने दार उघडते, गाडी सुरू होत नाही. त्यासाठी फॉब किंवा चिपची चावी लागते. म्हणून दुसरा फॉब गाडीतच ठेवण्याची सवय लावून घेऊ नका. मला अधिक काळजी वाटते ती सन-व्हायजरला अडकवलेल्या गॅरेजच्या रिमोटची. इथल्या बहुतेक घरांत गॅरेजमधून थेट घरात जाणारे दार असते आणि रात्री ते अनेकदा नुसते लोटलेले असते. ड्राइव्हवेवर उभ्या गाडीचा कोड ज्याला माहीत, त्याला घराचाही रस्ता मोकळा झाला. आम्ही तो रिमोट रात्री घरात आणतो आणि आतल्या दाराला कडी लावतो. आपणही तसेच करावे असे मी आग्रहाने सांगेन.

फॉबचा संदेश दुरून वाढवून गाडी पळवण्याचे जे प्रकार ऐकू येतात, त्यांच्याशी कीपॅडचा संबंध नाही. तो त्यांना वाव देत नाही आणि त्यांपासून वाचवतही नाही.

राहिला प्रश्न थंडीचा. फॉबमधला सेल मान टाकतो तेव्हा कीपॅड हमखास कामी येतो, कारण त्याला वीज गाडीच्या बॅटरीतून मिळते. पण तीच बॅटरी उतरली तर फॉबच्या आत दडवलेली धातूची चावी एवढाच मार्ग उरतो. सपाट, स्पर्शाने चालणारा कीपॅड असेल तर जाड हातमोज्यांतून तो नीट दाद देत नाही. जुन्या बटणांच्या रबराला चिरा पडल्या असतील तर आत पाणी शिरून कीपॅड निकामी होतो, आणि तो बदलण्यासाठी दाराचे आतले आवरण काढावे लागते. तेव्हा गाडी पाहायला जाल त्या दिवशी पाचही बटणे दाबून पाहा, आणि एखादे मुके असेल तर ते सौदा ठरण्याआधीच विक्रेत्यासमोर मांडा.