चौक झाकावा की उघडा ठेवावा?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातील आमचे जुने धाब्याचे घर उतरवून आम्ही नवे बांधत आहोत. चौक हवा आहे. परंतु पाऊस आत येईल म्हणून त्यावर पारदर्शक पत्रा टाकावा, असे गवंडी सुचवतात. काय करावे?

उत्तर : पत्रा टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निरभ्र रात्री चौकाची फरसबंदी आकाशाकडे उष्णता सोडते, गार झालेली जड हवा खाली उतरून ओसरीत पसरते आणि जाड भिंती तो गारवा दुसऱ्या दिवशी बराच वेळ धरून ठेवतात. पत्र्याखाली मात्र ऊन शिरते आणि ऊब कोंडून राहते. पावसाचा प्रश्न जुन्या वाड्यांनी केव्हाच सोडवला आहे. चौक ओसरीच्या जोत्याहून फूट-दीड फूट खाली घ्यावा, एका कोपऱ्यातील मोरीकडे उतार द्यावा आणि छपराची वळचण ओसरीच्या कडेपुढे दोन फूट आणावी, म्हणजे पागोळ्या चौकातच पडतील. मोरीचे पाणी गाळून हौदात घेता येते.

जुने सागवानी खांब विकू नका. वाळवी लागलेली नसल्यास ते ओसरीला पुन्हा वापरा आणि त्यांच्याखालचे दगडी तळखडेही जपा. जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणूनच ते बसवलेले असतात.