सोलरच्या पाइपवरचा काळा फोम का झडतो?

प्रश्न : गच्चीवर 200 लिटरचं सोलर आहे. टाकीपासून खालच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, साधारण 15 मीटर. बसवणाऱ्याने त्यावर काळा फोम चढवून दिला होता. दोन उन्हाळ्यांत त्याची भुकटी झाली, उरलेला खारींनी नेला. आता फिटर म्हणतो, तोच फोम जाड घ्या. टिकेल का? आणि सकाळी बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागतं, ते थांबेल का?
– एक गृहिणी, मानेवाडा

उत्तर : ताई, तुमचा फोम गेला तो उघडा राहिल्यामुळे. जाडी दुप्पट केली तरी वरचा थर तसाच उन्हात करपेल, तडकेल आणि भेगेतून पावसाचं पाणी आत जाईल. माझी सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात लॅगिंगच्या, म्हणजे गरम पाइपांवर ऊब अडवणारं आवरण चढवण्याच्या कामावर गेली. वाफेच्या पाइपवर खनिज तंतूंची लोकर किती जाड ते ठरलेलंच असायचं. आमचे जुने फोरमन पाहायचे तो वरचा पत्रा, त्याचा सांधा कुठल्या बाजूला वळलाय ते. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या पाइपलाही मी तोच नियम लावतो. फोमवर जेवढा खर्च कराल, तेवढाच त्याच्या आवरणावर करायची तयारी ठेवा.

आधी माल ओळखा. काळा फोम म्हणून दोन गोष्टी विकल्या जातात. नायट्रिल रबर बोटाने दाबलं की दबतं आणि लगेच वर येतं. पॉलिथिनचा फोम ताठ असतो, वाकवला की घडीची खूण राहते. नायट्रिल साधारण 105 अंशांपर्यंत चालतं, पॉलिथिन त्याच्या बरंच आधी मऊ पडून आक्रसतं. काचेच्या ट्यूबवालं सोलर असेल आणि उन्हाळ्यात घरचे चार दिवस गावाला गेले, तर टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जातं. म्हणून टाकीजवळच्या पाइपला पॉलिथिन नकोच. ईपीडीएम रबर मिळालं तर उत्तम, ते उन्हालाही जास्त दाद देत नाही.

दुकानात नुसतं "पाऊण इंची द्या" म्हणू नका. फोमची नळी पाइपच्या बाहेरच्या मापावर घ्यायची असते. पाऊण इंची जीआय बाहेरून 26.9 मिमी भरतो, त्याला 28 ची नळी लागते. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) बाहेरून 22.2 मिमी, त्याला 22 ची. गंमत म्हणजे अर्धा इंची जीआयलाही 22 चीच बसते. ढिली नळी घेतली की पाइप आणि फोमच्या मधे हवा खेळते आणि निम्मं काम वाया जातं. जाडी 13 मिमी पुरे, 19 घेतलीत तर चांगलंच.

बसवताना लाइन बंद आणि पाइप गार हवा. नळी कधीही ताणून बसवू नये. मापापेक्षा बोटभर लांब कापावी आणि दाबून घालावी. ताणलेली नळी पहिल्या उन्हाळ्यात आक्रसते आणि सांध्यांत फट पडते. चिकटवण्याचं सोल्युशन दोन्ही कडांना पातळ लावा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच कडा एकमेकींवर दाबा. ओलं असताना दाबलेला सांधा आठवड्याभरात उघडतो. नंतर दीड दिवस तरी गरम पाणी सोडू नका.

एल्बोवर, म्हणजे पाइपच्या काटकोनी वळणावर, फिटरची परीक्षा होते. सरळ नळी वाकवून ओढली की बाहेरच्या बाजूला ती पातळ होते, आतल्या बाजूला चुणी पडते. पातळ धारदार सुरीने नळीला 45 अंशांत तिरका छेद द्यायचा, एक तुकडा अर्धा फिरवून दुसऱ्याला चिकटवायचा, की काटकोन तयार. टीसाठी (तीन पाइप मिळतात तो जोड) एका नळीला व्ही खाच आणि दुसरीचं टोक त्याच आकाराचं. युनियन (उघडता येणारा जोड) आणि व्हॉल्व्हवर वेगळा, काढता येणारा तुकडा बसवा, नाहीतर पहिल्या दुरुस्तीला सगळं फाडावं लागेल. भिंतीवरच्या क्लॅम्पशी फोम कापून पाइप उघडा ठेवायची सवय फार वाईट आहे. तिथे लाकडाचा अर्धगोल गुटका घालून त्यावरून क्लॅम्प आवळा. टाकीवरचा हवेचा उभा पाइप मात्र वरून मोकळाच राहिला पाहिजे. खारी नकोत म्हणून त्याचं तोंड कुणी बुजवू नये, टाकीला धोका होतो.

आता आवरण. कापडी फॉइल टेप स्वस्त पडते, पण उन्हात तिचा गोंद सुटतो. मी 26 गेज अ‍ॅल्युमिनियम पत्रा सांगेन. त्याला खारीही लागत नाहीत. आडव्या पाइपवर पत्र्याचा लांब सांधा खालच्या अंगाला घ्या, म्हणजे पाणी ओघळून जाईल. उभ्या पाइपवर काम खालून सुरू करा, म्हणजे कौलांसारखा वरचा तुकडा खालच्यावर येतो. पत्रा परवडत नसेल तर फोमसाठीचा ऊनरोधक रंग दोन हात द्या आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्या.

सकाळच्या गार पाण्याचं स्पष्ट उत्तर ऐका : ते थांबणार नाही. पाऊण इंची जीआयमध्ये मीटरला साधारण 0.37 लिटर पाणी मावतं, म्हणजे तुमच्या 15 मीटरमध्ये साडेपाच लिटर. रात्रभर थांबलेलं पाणी कितीही चांगल्या फोममध्ये गार होतंच. उघड्या पाइपमधली ऊब तासाभरात जाते, 13 मिमीच्या फोमात ती दोन-तीन तास रेंगाळते. म्हणजे एकाच्या आंघोळीनंतर तासाभराने दुसरा गेला तर त्याला पाणी सोडून द्यावं लागत नाही, आणि डिसेंबरात टाकीतलं गरम पाणी वाटेत गार होत नाही. पहिलं पाणी वाचवायचं असेल तर पुढे कधी पाइप बदलताना तो अर्धा इंची घ्या, दाब पुरत असेल तर. आतलं पाणी जवळपास निम्मं होतं.

प्रश्न : पावसाळ्यात एसीच्या तांब्याच्या पाइपवरून भिंतीवर पाणी टपकतं. मेकॅनिकने पांढरी टेप आणखी घट्ट गुंडाळली, तरी तेच. उन्हाळ्यात थेंबही नव्हता.
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मे महिन्यात आपली हवा कोरडी, म्हणूनच कूलर चालतो आणि एसीच्या पाइपमधले दोष झाकले जातात. जुलैत हवेत इतकी वाफ असते की साधारण 24-25 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं, आणि तुमचा पाइप त्याहून कितीतरी गार असतो. टेप घट्ट आवळली की फोम दबून पातळ होतो, म्हणजे दुखणं वाढलंच. टेप सोडवा. दोन्ही पाइपना वेगवेगळी नळी हवी, बारीक पाइपही बहुतेक स्प्लिट एसीत गारच असतो. 9 मिमी असेल तर 13 किंवा 19 करा आणि प्रत्येक सांधा सोल्युशनने बंद करा. खोलीतल्या युनिटच्या मागचे पितळी नट तपासा, बहुतेक वेळा ते उघडेच सापडतात. टेप हलक्या हाताने, खालून वर गुंडाळा.

प्रश्न : बुटीबोरीच्या एका कारखान्यातून उरलेली ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) मिळाली आहे. सोलरच्या पाइपला वापरू का?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : नको. कारखान्यातल्या खूप गरम पाइपला ती योग्य आहे, तिथे ओल उडून जाते. गच्चीवर एकदा भिजली की सुकत नाही, ऊब अडवत नाही, आणि आत जीआय पाइप कुणाला न दिसता गंजतो. कापताना तिचे तंतू त्वचेला आणि घशाला टोचतात ते वेगळंच.

प्रश्न : मे महिन्यात नळाला दुपारी कढत पाणी येतं. पाइपला फोम लावला तर गार येईल का?
– एक आजोबा, महाल

उत्तर : आजोबा, पाणी टाकीतच तापतं आहे. पैसे आधी टाकीवर सावली करण्यात घाला : चारही बाजूंनी वारा खेळेल असा उंच मांडव, वर ग्रीन नेट दुहेरी. पश्चिमेच्या भिंतीवरून पाइप उतरत असेल तर त्यालाही फोम आणि पत्रा करून घ्या, पण नंतर.