ऑइल गेजची नळी ढिली, करायचं काय?

प्रश्न : ऊसवाहतुकीचा जुना ट्रक आहे, इंजिन नवीन बांधून घेतलं पण गेजची (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीची) नळी ब्लॉकमधे हलतीय, बुडातनं ऑइल झिरपतंय. मिस्त्री म्हणतोय सिलिकॉन लावून सोडा. लावू का? — एक वाचक, शिरोळ

उत्तर : नको भाऊ. जादा सिलिकॉन आत सुटलं की खालच्या ऑइल चेंबरमधे पडतं, तिथनं ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं आणि मग नवीन बांधलेल्या इंजिनला ऑइलच कमी पडतंय.

नळी काढा, भोक आणि नळी दोन्ही थिनरनं पुसून कोरडी करा, तेलकटपणा राहिला तर काहीच धरत नाही. थोडंच ढिलं असलं तर बेअरिंग फिट करायचं रिटेनिंग कंपाउंड लावून बसवा आणि रात्रभर राहू दे. जास्तच खेळ असला तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बारका बुश (नळीभोवती बसणारं कडं) करून घ्या, तिथं हे किरकोळ काम आहे. हातोडा थेट नळीवर नको, तोंड चेपलं की गेजच आत जात नाही. नळी वर इंजिनला आवळून धरणारी क्लॅम्प पट्टी कुणी फेकून दिली असंल तर आधी ती बसवा, थरथरीनं नळी परत सैल होती, निम्म्या तक्रारी मला वाटतंय यातल्याच.

आता खरी गोम. नळी आधीपेक्षा वर-खाली बसली तर गेज खोटं बोलतंय. पुढच्या सर्व्हिसिंगला ऑइल पूर्ण काढा, नवा फिल्टर लावून कंपनीनं सांगितलंय तेवढंच मापून भरा, जरा चालवून बंद करा, सपाट जागी दहा मिनिटं थांबून बघा. फुलच्या खुणेला लागत नसंल तर नळीची उंची बदला.

आणि ऑइल वरनं, गेजच्या तोंडातनं येत असलं तर आधी ब्रीदर (इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडायची वाट) बघा, तुंबला असंल.