मत लेखकाचं की विरोधकाचं?

प्रश्न : मुलगी यंदा दहावीत आहे, राज्य मंडळाची शाळा. गोष्ट वाचून ती नीट सांगते, तरी मराठीच्या पेपरात आकलनाच्या कृतींत (उताऱ्यावरच्या प्रश्नांत) गुण जातात. वैचारिक उतारा आला की जास्तच गोंधळते. सराव कसा घ्यावा? (एक पालक, कोथरूड)

उत्तर : गोष्ट सांगता येते म्हणजे वाचन पक्कं आहे. गुण बहुधा प्रश्न वाचताना जातात. 'कोण', 'कुठे' याचं उत्तर एका ओळीत मिळतं. 'का' विचारलं की दोन-तीन ओळी जोडाव्या लागतात. उदाहरणार्थ : 'डब्यात एकच पोळी उरली होती. आजीने नातवाकडे पाहिलं, डबा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मला भूक नाही."' आजी असं का म्हणाली? 'तिला भूक नव्हती म्हणून' हे उत्तर हमखास येतं आणि चुकतं. एकच पोळी, नातवाकडे पाहणं, डबा सरकवणं या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या की 'उरलेली पोळी नातवाला मिळावी म्हणून' हे उत्तर निघतं. उत्तर लिहिल्यावर तिला विचारा, 'कुठल्या ओळीवरून?' बोट ठेवता आलं नाही, तर ते उत्तर तिच्या मनातलं, उताऱ्यातलं नव्हे.

वैचारिक उताऱ्यात खरी मेख वेगळी असते. हे पाहा : 'लक्ष्मी रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद ठेवावा. काही दुकानदारांना वाटतं, गिऱ्हाईक कमी होईल. पण पायी चालणारा माणूस चार दुकानांत डोकावतो.' लेखकाच्या मते धंद्यावर काय परिणाम होईल, असं विचारलं की मुलं 'गिऱ्हाईक कमी होईल' हे तयार वाक्य उचलतात. ते मत दुकानदारांचं. लेखकाने ते खोडण्यासाठी मांडलंय. 'काहींना वाटतं', 'असं म्हणतात' यांखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि पुढचा 'पण' किंवा 'तरीही' शोधायचा. लेखकाचं म्हणणं बहुतेकदा त्यानंतर येतं. सरावाला वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या, आठवड्याला एक पुरे. समासात प्रत्येक परिच्छेदापुढे एकच शब्द लिहायला सांगा : मुद्दा, कारण, विरोधी मत किंवा उत्तर. सुरुवातीला विरोधी मत आणि उत्तर यांची गल्लत होईल. तिथे थांबून बोला, कारण परीक्षेत नेमकं तिथेच अडतं.

स्वमताच्या (उताऱ्याच्या विषयावर स्वतःचं मत मांडण्याच्या) 3 गुणांसाठी मात्र उताऱ्यातली वाक्यं फिरवून लिहू नयेत. आपली बाजू पहिल्याच वाक्यात, मग दोन कारणं आणि उताऱ्यात नसलेलं एक उदाहरण. सात-आठ वाक्यं पुरतात.

प्रश्न : अपठित (पाठ्यपुस्तकाबाहेरच्या) उताऱ्याला किती वेळ द्यावा? चौकटीत पूर्ण वाक्य लिहावं का? (एक विद्यार्थी, हडपसर)

उत्तर : मराठीच्या पेपरात 80 गुणांना 180 मिनिटं, म्हणजे 4 गुणांच्या उताऱ्याला साधारण 9 मिनिटं. आधी कृती वाचा, मग उतारा सलग, दुसऱ्या वाचनात खुणा. चौकटीत शब्द किंवा शब्दसमूह पुरतो. ओघतक्त्यात (बाणांनी जोडलेल्या चौकटींत) घटना घडल्या त्या क्रमाने लिहा. गोष्टीत आठवण मध्येच आलेली असेल, तर ती घटना आधीची असते. ओघतक्ता चुकतो तो बहुतेकदा इथेच.