दोन्ही सर्व्हरवरच्या फाइली सारख्याच आहेत, तरी नव्यावर 'परमिशन डिनाइड' का येतं? तुलना कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की साइट उबुंटू १८.०४ वरून २२.०४ वर हलवली, फोल्डर तुमच्या होमखालीच (म्हणजे तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरखाली) आहे, दोन फाइलींतला फरक दाखवणारा डिफ चालवला तर फरक शून्य, आणि तरी वेब सर्व्हरला फाइली वाचता येत नाहीत. डिफ फाइलीच्या आत काय आहे तेवढंच बघतो. ती कुणाच्या मालकीची, कुणाला वाचता येते, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

म्हणून आधी परवानग्यांचीच यादी काढा. दोन्ही मशीनवर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, होऊन त्या फोल्डरमध्ये जा आणि फाइंड कमांड प्रिंटएफ लावून चालवा. त्यात टक्का-एम म्हणजे ६४०, ७५५ असा मोड (मालक, ग्रुप आणि इतर यांच्या परवानग्यांचे तीन आकडे), टक्का-यू मालक, टक्का-जी ग्रुप, टक्का-पी पाथ. यू आणि जी छोट्या अक्षरात दिले की नाव मिळतं, मोठ्या अक्षरात दिले की आकडा. दोन्ही घ्या. यादी सॉर्ट करून टेक्स्ट फाइलीत टाका, एका मशीनवरची दुसरीवर न्या आणि आता लावा डिफ. सॉर्टच्या आधी एलसी_ऑल=सी लिहायचं विसरू नका. भाषेचं सेटिंग वेगळं असलं की सॉर्टचा क्रम बदलतो आणि डिफ नसलेले फरक ढिगाने दाखवतो. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

नाव आणि आकडा दोन्ही का? डिस्कवर मालकाचं नाव नसतंच, आकडा असतो. नाव प्रत्येक मशीन आपल्या पासवर्ड फाइलीत बघून दाखवतं. उबुंटूवर माणसांची खाती १००० पासून सुरू होतात, ज्या क्रमाने उघडली त्या क्रमाने. जुन्या मशीनवरचा १००१ नव्यावर भलताच कुणी असू शकतो. वेब सर्व्हरचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हे खातं डेबियन आणि उबुंटू दोन्हींवर ३३ च असतं, त्यामुळे तिथे तुम्ही बहुधा सुटलात. रेड हॅटवर गेला असतात तर तिथे वेब सर्व्हरचं खातं अपाचे, आणि त्याचा आकडा ४८ आहे.

मजकूर आणि परवानग्या एका झटक्यात बघायच्या असतील तर फोल्डर जुळवून कॉपी करणारी आरसिंक कमांड आहे. त्याला ए, एन, आय आणि सी ही अक्षरं द्या. सी नसेल तर तो फक्त आकार आणि वेळ जुळवून बघतो, मजकूर नाही. आय दिला की बदललेल्या प्रत्येक फाइलीपुढे ११ अक्षरांची पट्टी येते: पी दिसला तर मोड वेगळा, ओ म्हणजे मालक, जी म्हणजे ग्रुप. मालक तो एरवी नावाने जुळवतो, आकड्याने हवा असेल तर न्यूमेरिक-आयडीज जोडा. यातला एन मात्र जिवापाड जपा. तो आहे म्हणून आरसिंक नुसतं सांगतो, करत काही नाही. मी एकदा तो गाळला आणि नुकत्याच दुरुस्त केलेल्या कॉन्फिग फाइलींवर जुन्या चढवून बसलो.

एलएस-एलमध्ये मोडच्या शेवटी अधिक चिन्ह दिसलं तर तिथे एसीएल, म्हणजे ठरावीक खात्यांना वेगळ्या दिलेल्या जास्तीच्या परवानग्या, आहे. मग मधली तीन अक्षरं ग्रुपची नसून मास्कची (त्या जास्तीच्या परवानग्यांच्या कमाल मर्यादेची) असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. गेटएफएसीएलला मोठा आर देऊन दोन्हीकडची यादी काढा.

पण तुमच्या बाबतीत माझा संशय वेगळाच आहे. वरच्या सगळ्या याद्या साइटच्या फोल्डरपासून खाली बघतात. अडथळा वर असेल तर त्या शेवटच्या ओळीपर्यंत जुळतील आणि साइट तरीही बंदच राहील. फाइलीपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्सची, म्हणजे त्यातून पुढे जायची, परवानगी लागते. उबुंटूने २१.०४ पासून नव्या खात्याचं होम ७५० केलं. त्याआधी ७५५ असायचं. म्हणजे जुन्या मशीनवर वेब सर्व्हर तुमच्या होममधून आरपार जाऊ शकत होता, नव्यावर दारातच अडतोय.

खात्री करायला नेमआय कमांडला एल आणि साइटमधल्या एखाद्या फाइलीचा पूर्ण पाथ द्या. सगळ्यात वरच्या फोल्डरपासून फाइलीपर्यंत प्रत्येक पायरीचा मोड आणि मालक एकाखाली एक येतो. दोन्ही मशीनवर चालवा. होमच्या ओळीत फरक दिसला तर होम ७५१ करा, म्हणजे इतरांना आत काय आहे ते दिसणार नाही पण ओलांडता येईल. मी असतो तर साइटच व्हारखालच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये हलवली असती. आणि कुणी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, सुचवलं तर कृपया ऐकू नका.